चाळीस गोंडे

ताश्कंदच्या हॉटेलातून निरोप आला:
दिव्यांच्या शेडखाली लावायला चाळीस गोंडे हवेत.
सगळे एका मापाचे, बारा सेंटिमीटर.
रंग शांत, राखी किंवा वाळूचा.
आणि लोकरीला वास नको.

माझी सासू, बीबीसारा, फोन हातभर लांब धरून ऐकत होती.
"वास नको म्हणे," ती म्हणाली,
"मग मेंढीला काय निरोप देऊ?"

नुकुसमधलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर.
रेडिएटरवर लडी वाळत पडल्या,
राखी, वाळूच्या, पुन्हा राखी.
वाळूचा रंग आम्हाला कुणी शिकवायला नको.
समुद्र जिथून आटला त्या बाजूनं वारा सुटला
की तो ताटातसुद्धा येऊन बसतो.

मी पुठ्ठ्याची पट्टी कापली.
तिच्यावर साठ वेढे,
गळ्याशी आवळायचं, खालून कातरायचं,
झाला गोंडा.
बीबीसाराला पट्टी चालत नाही.
ती चार बोटांवर धागा गुंडाळते,
आणि तिची बोटं सकाळी वेगळी असतात,
संध्याकाळी सुजून वेगळी.

तिची आई नवरी होऊन आली
तेव्हा उंटाच्या गुडघ्यांनासुद्धा गोंडे होते.
लाल. इतके लाल, की म्हणे
उंट दिसायच्या आधी लग्न दिसायचं.
नमद्याच्या तंबूत छताखाली पट्टे, पट्ट्यांना गोंडे,
दार उघडलं की सगळं घर हलायचं.

मागच्या महिन्यात आम्ही लॅपटॉपच्या पिशव्या भरल्या,
वीस, मेंढ्याच्या शिंगाच्या नक्षीच्या.
"यात काय ठेवतात?" तिनं विचारलं.
ऑफिस, मी म्हटलं.
"अख्खं?"
अख्खं.
"मग शिंग दुहेरी धाग्यानं भर. कुणी चोरायला नको."

एकदा, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात,
मी तिला विचारलं होतं,
भरतकाम तर पुरं झालं, मग खाली हे गोंडे कशाला?
तिनं सुई दातांतून काढली.
"धावत आलेलं पोर उंबऱ्याशी एकदम थांबतं का?
चार पावलं पुढे जातंच ना?
तसं आहे ते."

चाळीस गेले. आठवड्यानं सात परत आले.
सोबत चिठ्ठी, छापलेली, नम्र:
माप जुळत नाही.
सातही तिचे होते. ते मला पाकिटाबाहेरूनच कळलं.
तिलाही कळलं असणार,
कारण तिनं चहात दोनदा मीठ घातलं
आणि तसाच प्यायली.

एक फ्रिजच्या मुठीला लागला.
एक जिन्याखालच्या खोलीच्या किल्लीला,
जी आता हरवत नाही.
एक नातीच्या दप्तराला, एक शेजारच्या सर्बीनाझला,
ती नको नको म्हणत घेऊन गेली.
दोन तिनं उसवून टाकले, म्हणाली, हे खरंच वाईट होते.
सातवा दिराच्या दमास गाडीत, आरशाखाली.
मुयनाकच्या रस्त्यावर खड्डा सोडून रस्ता कमी आहे.
दीर सांगतो,
गोंडा पुढे येतो, मागे जातो, जरा थांबतो,
पुन्हा पुढे.
त्यानं उंटावर कधी बसून पाहिलेलं नाही.
बीबीसारा त्याचं बोलणं ऐकताना
खुर्चीत किंचित डुलत होती.

मग हॉटेलनं फोटो पाठवला.
संगमरवर, मोठे दिवे, दिव्यांखाली माझे तेहतीस गोंडे,
वाळूच्या रंगाचे, एकासारखा एक,
प्रार्थनेच्या तासाला उभ्या केलेल्या मुलांसारखे ताठ.
खिडक्या बंद. थंडगार यंत्राची हवा, जिला दिशा नाही.
तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
आणखी मोठा,
एक गोंडा सगळ्या पडद्यावर येईपर्यंत.
मग ओठ जवळ नेऊन
त्याच्यावर हलकेच फुंकर मारली.

काचेवर वाफ धरली.
तिनं ती बाहीनं पुसली, फोन मला दिला.
"पैसे आले का?"
आले, मी म्हटलं. तेहतिसांचे.